चाळीस गजांच्या आत

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता भिगवणपाशी सोडून दक्षिणेकडे तोंड केले, म्हणजे उजव्या हाताला बारामती आणि डाव्या हाताला इंदापूर अशा दोन तालुक्यांच्या शिवा ज्या माळावर एकमेकींत मिसळून जातात, तो माळ प्रथमदर्शनी कोणाही प्रवाशाच्या मनात कुतूहल उत्पन्न करीत नाही. सह्याद्रीने अडवून रिते केलेले ढग इथवर येईतो केवळ सावलीपुरते उरतात. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला तर वर्ष बरे गेले असे मानणारा हा अवर्षणाचा मुलूख आहे. दक्षिणेच्या अंगाने भाटघरच्या धरणाचे पाणी नीरेच्या डाव्या कालव्यातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खेळत आले, आणि त्या पाण्याच्या बळावर उसाचे फड, साखरेचे कारखाने आणि वालचंदनगरसारखी उद्योगनगरी उभी राहिली. परंतु कालव्याचे पाणी जिथे चढू शकत नाही अशा वरच्या अंगाला, शिर्सुफळ, कळस, कडबनवाडी या गावांच्या भोवती, मुरमाड जमिनीवर कुसळी आणि पवन्याचे गवत, मधूनमधून हिवर, बाभूळ, हेंकळ आणि तरवड, आणि या साऱ्यांवर पसरलेले अफाट आकाश, एवढीच काय ती संपत्ती होती. सरकारी दप्तरात अशा जमिनीची नोंद पडीक, नाही तर गायरान, अशी होत असे. इथे काहीच नाही असे ज्याला वाटते त्याने या माळावर पुरेसा वेळ स्थिर बसून पाहिलेले नाही, असे माझे ठाम मत आहे. आणि स्थिर बसणे ही गोष्ट मी येथे बंदुकीच्या निमित्ताने शिकलो, म्हणून त्या शिक्षणाविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

तो काळ १९६० नंतरच्या दशकाचा. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा तेव्हा अंमलात होता. परवाना घेऊन आणि हंगाम पाळून तित्तर-लाव्यांची शिकार करणे सनदशीर समजले जाई, आणि आमच्या मामांच्या घरी पिकाच्या राखणीसाठी रीतसर परवान्यावर घेतलेली बारा बोरची एक दुनाळी बंदूक होती. एक पौंड शिशाचे बारा समान गोळे केले असता त्यांतला एक ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोरची नळी, हे मामांनी मला बंदूक हाती देण्यापूर्वी समजावून सांगितले. कारण जी वस्तू वापरायची तिचे मान आणि परिमाण ठाऊक असल्यावाचून तिला हात लावू नये, हा त्यांच्या एकूण आयुष्याचाच दंडक होता. तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात काढलेला, जमाबंदीच्या तक्त्यात एका पैचा मेळ बसला नाही तर रात्र जागवणारा हा गृहस्थ काडतुसांचाही तितकाच काटेकोर हिशेब ठेवी; प्रत्येक काडतुसासमोर तारीख, जागा, वाऱ्याची दिशा आणि फळ यांची टाकाने केलेली नोंद असलेली त्यांची वही आजही मजजवळ आहे, आणि तिच्यातील कितीतरी ओळींपुढे ‘बार टाकला नाही’ एवढेच लिहिलेले आहे. जे काडतूस उडालेच नाही त्याचीही नोंद करावी असे त्यांना का वाटले असेल, हे मला फार पुढे कळले.

काडतूस हाती पडण्यापूर्वी कित्येक महिने मी रिकामी बंदूक खांद्याला लावीत असे. घराच्या मागच्या चौकात भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, दस्ता काखेच्या वर, खांद्याच्या खोबणीत असा आणायचा की गाल खाली झुकावा लागू नये, दस्त्यानेच गालापर्यंत वर यावे. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे आणि नळीच्या टोकावरच्या माशीकडे न पाहता भिंतीवरच्या एखाद्या ठिपक्याकडे पाहायचे. बंदूक वर आली की नळी आपोआप त्या ठिपक्यावर असली पाहिजे. मामा खुर्चीत बसून चष्म्याच्या वरून पाहत असत आणि मधूनच म्हणत, “अरे, तू बंदुकीकडे बघतोस. तिच्याकडे बघण्यासारखे काही नाही. ज्याच्यासाठी ती उचललीस त्याच्याकडे बघ.” त्याबरोबरच नळीचे तोंड माणसाकडे कधीही न वळवणे, कुंपण किंवा ओढा ओलांडताना नळ्या उघडून काडतुसे काढून घेणे, आणि पाखराच्या मागे काय आहे हे दिसल्यावाचून चापाला बोट न लावणे, हे नियम माझ्या अंगात असे मुरवले गेले की आजही हातात नुसती काठी असली तरी तिचे टोक मी कोणाच्या दिशेने धरीत नाही.

त्यानंतरचा पाठ कागदावरचा होता, आणि नेमबाजीचे जे खरे ज्ञान मला झाले ते त्या कागदाने दिले. जुन्या वर्तमानपत्रांची पाने खळीने चिकटवून मामांनी पुरुषभर उंचीचा एक मोठा तक्ता तयार केला, बांबूच्या चौकटीवर ताणून तो माळावर उभा केला, त्यावर तीस इंच व्यासाचे वर्तुळ कोळशाने आखले, आणि चाळीस गज मोजून तिथून मला त्याच्या मध्यावर बार टाकायला लावला. सहा नंबरच्या एका काडतुसात अडीचशेहून अधिक छर्रे असतात. ते नळीतून एकत्र निघतात खरे, पण जसजसे पुढे जातात तसतसे पांगत जातात. तक्त्याजवळ जाऊन आम्ही दोघे वर्तुळातली छिद्रे पेन्सिलीने खूण करीत एकेक मोजली. तोंडाशी किंचित आवळलेल्या डाव्या नळीने बहुतांश छर्रे वर्तुळात ठेवले होते, उजवीने त्याहून बरेच कमी. मग पुन्हा नवा कागद लावून तोच प्रयोग साठ गजांवरून केला, तेव्हा कागदाची चाळण विरळ होऊन तीत तळहातापेक्षाही मोठ्या मोकळ्या जागा पडलेल्या दिसल्या. मामांनी खिशातून पुठ्ठ्याचा कापलेला तित्तराचा आकार काढला आणि त्या मोकळ्या जागेत धरून दाखवला. एकही छर्रा न लागता तो आकार तिथे सुखरूप मावत होता. थोडा सरकवला की त्याच्या पायाला किंवा पंखाच्या टोकाला एखादे छिद्र येई. “साठ गजांवर बार टाकणारा माणूस पाखरू मारीत नाही, त्याला जखमी करून झुडपात मरायला पाठवतो,” ते म्हणाले. त्या दिवसापासून माळावर कुठेही बसलो की आधी चाळीस गजांची मर्यादा नजरेने आखून घेण्याची सवय लागली: ती बाभूळ पंचवीस गज, तो पांढरा धोंडा पस्तीस, तरवडाचे ते झुडूप म्हणजे हद्द. हद्दीपलीकडचे पाखरू माझे नव्हते, मग ते कितीही मोठे असो, कितीही निश्चिंत असो.

उडत्या पाखरावरचा नेम हा याहून निराळा विषय. तित्तर हा जात्याच जमिनीवर वावरणारा पक्षी. धोक्याची चाहूल लागली की तो आधी गवतातून धावतो, अगदी निरुपाय झाला तरच पंखांचा मोठा फडफडाट करीत उसळतो, काही अंतर वेगाने आणि बरेच खालून जातो, पंख ताणून तरंगत उतरतो, आणि उतरताक्षणी पुन्हा धावू लागतो. त्याच्या उसळण्याने नवशिक्याच्या काळजाचा ठोका चुकतो आणि बार घाईने उडतो. म्हणून मामांनी मला मनातल्या मनात त्याच्या शेपटीची विटकरी कड पाहण्याची शिस्त लावली, कारण ती कड स्पष्ट दिसेपर्यंत जो क्षण जातो तोच बंदूक खांद्याला नीट येण्यास लागणारा क्षण असतो. मग नळी पाखराच्या मागून पुढे न्यायची, त्याला ओलांडायचे, ओलांडता ओलांडता चाप ओढायचा आणि ओढल्यावरही नळी थांबू द्यायची नाही. छर्रे जिथे पोचायचे ती जागा पाखरू आहे तिथली नसून ते जिथे असणार आहे तिथली असते. हे सारे हाताचे, खांद्याचे आणि डोळ्याचे काम आहे, आणि तरुण वयात ते एखाद्या हंगामात साधूही शकते. धीर मात्र मामांपाशी नव्हता. निदान मला देता येईल असा नव्हता. कचेरीत जन्म गेल्यामुळे त्यांना ठराविक वेळी निघून ठराविक वेळी परतण्याची सवय होती, आणि माळ कोणाच्या वेळापत्रकाला बांधलेला नसतो हे त्यांना मान्य असूनही त्यांच्या देहाला ते मान्य होत नसे.

तो धीर मला आमच्या शिवारात दर सुगीला पाल टाकणाऱ्या एका वृद्ध फासेपारध्याने दिला. मी त्यांना म्हातारबा म्हणत असे आणि ते मला धाकले मालक म्हणत. हे संबोधन मला कधीही रुचले नाही, परंतु गावच्या त्या काळच्या रीतीत ते बदलण्याचे सामर्थ्य माझ्यात नव्हते. आपल्या माणसांशी ते गुजरातीच्या अंगाने जाणाऱ्या पारधी बोलीत बोलत, आमच्याशी इंदापुरी मराठीत. त्यांच्यापाशी बंदूक नव्हती. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे पीळ घालून केलेले फासे होते, पिंजऱ्यात एक पाळीव तित्तर होता, आणि जमिनीवर पडलेली कोणतीही खूण वाचण्याची विद्या होती. धुळीत अंग घोळून केलेला उथळ खळगा, त्यात राहिलेले एखादे पीस, वाळवीच्या वारुळाची उकरलेली कड, बाभळीखालची विष्ठा पाहून तित्तरांची टोळी रात्री कोणत्या झाडावर बसते याचे अनुमान, हे सारे त्यांनी मला चालता चालता दाखवले. मी पाखरामागे वळू लागलो की ते दंडाला धरून थांबवीत. “पाखराच्या मागं पळू नगं, धाकलं मालक. त्ये कुटं येनार त्येवढं वळख, आन् तितं त्येच्या आदी जाऊन बस.” उडत्या पाखरापुढे नळी नेण्याचा मामांचा नियम आणि पाखराच्या आधी जाऊन बसण्याचा म्हातारबांचा नियम यांत मला एकच तत्त्व दिसले; फरक एवढाच की पहिल्याला निमिषार्ध लागे आणि दुसऱ्याला अर्धी सकाळ.

बसणे म्हणजे काय, हे त्यांच्या शेजारी बसल्यावर समजले. पाठ झाडाच्या बुंध्याला टेकलेली हवी, म्हणजे माणसाची आकृती बुंध्यात विरून जाते. ऊन पाठीमागून आले पाहिजे आणि चेहऱ्यावर पडता कामा नये. बंदूक आधीच गुडघ्यावर, पाखरू येण्याच्या दिशेला वळवून ठेवलेली हवी, कारण नंतर तिला वळवणे म्हणजे सारे गमावणे. पक्ष्याला वास जवळजवळ येत नाही, आकृतीचे त्याला फारसे भय नाही. हालचाल मात्र तो अर्ध्या माळावरून ओळखतो. हात हलवायचाच तर त्याचे डोके झुडपाआड गेले असेल त्या क्षणी हलवावा. पहिली घटिका मुंग्या, कुसळे आणि पायाला येणाऱ्या मुंग्या यांच्याशी झगडण्यात जाते. त्यानंतर देह हट्ट सोडतो आणि डोळे काम करू लागतात. मग आतापर्यंत निर्जीव वाटलेल्या मुरमावर चंडोल दिसतो, बिळाच्या तोंडाशी येऊन बसलेले खोकड दिसते, दूरच्या उतारावर चिंकाऱ्याची मादी मान वर करून वाऱ्याचा अंदाज घेताना दिसते. हे प्राणी नव्याने आलेले नसतात. आपण बसण्यापूर्वीपासून ते तिथेच असतात.

पहाटे तित्तर नर आपल्या हद्दीत उभा राहून तीन तीन स्वरांचा चढता पुकारा करतो, आणि शेजारच्या हद्दीतला नर त्याला तत्काळ प्रत्युत्तर देतो. म्हातारबांची पद्धत याच स्वभावावर उभारलेली होती: पिंजऱ्यातला नर माळावर ठेवून भोवती फासे मांडायचे; तो पुकारू लागला की त्या हद्दीचा मूळ मालक आपल्या जमिनीवर आलेल्या या परक्याला हुसकावण्यासाठी पंख पाडून, मान फुगवून, पावलापावलाने जवळ येतो. ही विद्या दख्खनेत फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेला स्थान दिले आहे, आणि शिकवलेल्या हरिणाच्या साहाय्याने रानातले हरीण जवळ आणण्याचे विवेचन त्यात आहे. राजाने लिहिले म्हणजे तो विनोद झाला आणि पारध्याने केले म्हणजे तो गुन्हा झाला, हा भेद मला तेव्हाही सहन होत नसे.

पुढे अमेरिकेतील रानटर्कीच्या शिकारीविषयी वाचताना हा सारा अनुभव मला पुन्हा नव्याने भेटला. तिकडचा शिकारी वसंत ऋतूत पहाटेच्या अंधारात झाडाला पाठ लावून बसतो आणि लाकडी पेटीवर फळी घासून, किंवा तोंडात ठेवलेल्या पातळ पडद्यातून, मादीचा आवाज काढतो. गंमत अशी की निसर्गाच्या रीतीप्रमाणे नराने साद घालायची आणि मादीने त्याच्याकडे जायचे असते. शिकारी या रीतीला उलटी करू पाहतो, म्हणून नर बराच वेळ जागच्या जागी पिसारा फुलवून, ही येत का नाही, अशा प्रतीक्षेत उभा राहतो. दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात, आणि ज्याचा धीर आधी सुटतो तो हरतो. नवशिक्याने आतुर होऊन पुन्हा पुन्हा साद घातली की नर अधिकच निश्चिंतपणे उभा राहतो. जाणता शिकारी नेमक्या वेळी गप्प होतो. मोठ्या देहाच्या या पक्ष्याला अंगावर छर्रे लागले तर तो जखमी होऊन निसटतो, म्हणून नेम डोके आणि मान एवढ्यावरच धरायचा, आणि तोही चाळीस गजांच्या आसपास येईपर्यंत थांबून. तत्पूर्वी आपली बंदूक कागदावर पारखून घ्यायची. मामांचा वर्तमानपत्रांचा तक्ता मला तिथे सातासमुद्रापलीकडे उभा दिसला.

या पक्ष्याचा आपल्या मुलुखाशी संबंधच नाही असेही नाही. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाचा अमीर मुकर्रबखान गोव्याहून ज्या दुर्मिळ वस्तू आणि प्राणी घेऊन दरबारात आला त्यांत टर्कीही होता. त्याच्या डोक्याचे आणि मानेचे रंग सरड्यासारखे पालटतात हे पाहून बादशहा इतका विस्मित झाला की त्याने आपल्या आत्मचरित्रात त्याचे वर्णन लिहिले आणि चित्रकाराकडून चित्रही काढवून घेतले. उस्ताद मन्सूरने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या संग्रहालयात आहे. पोर्तुगीजांच्या गलबतातून कोकणपट्टीवर उतरलेल्या त्या पक्ष्याला पाहणारा पहिला जाणता डोळा चित्रकाराचा होता, ही गोष्ट मला फार प्रिय आहे. त्याच्या मायदेशात मात्र बेसुमार शिकारीने आणि जंगलतोडीने विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तो मोठमोठ्या प्रदेशांतून नाहीसा झाला होता. तेथील सरकारने १९३७ मध्ये बंदुका आणि काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या संवर्धनाकडे वळवण्याचा कायदा केला, रानातले पक्षी जाळ्यांनी पकडून ओसाड झालेल्या रानांत नेऊन सोडले, आणि तो पुन्हा सर्वत्र पसरला. ज्यांनी मारायचे त्यांनीच राखण्याचा खर्च द्यायचा, हा करार मला न्याय्य वाटतो.

आमच्याकडे राखणाऱ्यांची गणती वेगळ्या तऱ्हेने झाली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची कक्षा १९११ च्या कायद्याने वाढली, आणि जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांच्या यादीत पारधी आले. हजेरी देणे, परगावी जाण्यासाठी दाखला घेणे, चोरी कुठेही झाली तरी प्रथम पालांची झडती, हे त्यांच्या नशिबी लिहिले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला खरा, परंतु गावच्या मनातून तो रद्द झालेला मी पाहिलेला नाही. म्हातारबा फास्यात सापडलेली मादी विणीच्या दिवसांत सोडून देत. पिलांच्या टोळीभोवती फासे मांडीत नसत. ज्या शिवारात एकदा पाखरे धरली तिथे त्या हंगामात पुन्हा पाल टाकीत नसत. जीपमधून येऊन, दिव्याच्या झोतात हरणे टिपून रातोरात परतणारे प्रतिष्ठित पाहुणेही मी त्याच माळावर पाहिले आहेत, आणि त्यांची हजेरी कोणत्याही चावडीवर कधी घेतली गेली नाही. माळाची झीज कोणाच्या हातून झाली हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही.

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना त्याचे वर्णन करण्याची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते पटणार नाही. ज्वारीचे ताटही उभे राहिले नाही. माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामांवर गेली. विहिरींचे तळ उघडे पडले. कडबनवाडीच्या बाजूला एका ओढ्याच्या डोहात तेवढे गुडघाभर पाणी उरले होते, आणि सूर्य वर आल्यावर, साधारण आठ-साडेआठच्या सुमारास, दशदिशांनी पखुर्ड्यांचे थवे त्या पाण्यावर येत. पखुर्डी हा कोरड्या माळावरचा, केवळ धान्य आणि गवताचे बी खाणारा पक्षी. त्याला रोज पाणी लागतेच, आणि पाणी दुर्मिळ झाले की साऱ्या शिवारातले पक्षी एका डबक्यावर लोटतात. त्या काठावर बंदूक घेऊन बसणाऱ्याला नेमाची गरजच नव्हती. म्हातारबा मला तिथे घेऊन गेले आणि बसण्यापूर्वी त्यांनी हात पुढे केला. मी बंदुकीच्या नळ्या उघडून दोन्ही काडतुसे त्यांच्या तळहातावर ठेवली, त्यांनी ती कनवटीला लावली आणि म्हणाले, “पान्यावर बार न्हाई. पान्याला आलेलं पाखरू पावनं असतंय.” घरी त्या दिवसांत धान्य मोजून शिजवले जात होते, त्यांच्या पालावर तर त्याहून बिकट अवस्था असणार, तरीही फासे त्यांनी झोळीतून बाहेर काढले नाहीत.

थवे आले, डोहावर दोन-तीन घिरट्या घालून काठापासून काही अंतरावर उतरले, आणि क्षणभर मातीच्याच ढेकळांसारखे निश्चल झाले. मग लगबगीने पाण्याकडे धावून, घाईघाईने पाणी पिऊन, माद्या आणि बहुतेक नर उडून गेले. काही नर मात्र मागे राहिले. ते पाण्यात उतरले, पोटाची पिसे फुलवून पाण्यात बसले, अंग डावी-उजवीकडे हलवीत राहिले, आणि पोट पुरते भिजल्यावरच जड उड्डाण करून एका ठराविक दिशेने गेले. मी कारण विचारले. म्हातारबांनी माळाकडे हात करून सांगितले की पिले तिकडे गवतात आहेत, त्यांना उडता येत नाही, बाप पाणी अंगावर घेऊन जातो आणि पिले त्याच्या पोटाची पिसे चोखतात. पुढे वाचनात आले की इंग्लंडमधल्या मीड-वॉल्डो नावाच्या पक्षिपालकाने आपल्या पिंजऱ्यातल्या पखुर्ड्यांत हा प्रकार पाहून १८९६ मध्ये तो प्रसिद्ध केला होता, पण बरीच वर्षे विद्वानांचा त्यावर विश्वास बसला नाही. १९६७ मध्ये केड आणि मॅक्लीन या दोन अभ्यासकांनी कलहारीच्या वाळवंटात निरीक्षण करून आणि पिसांची रचना तपासून तो सिद्ध केला. विज्ञानाच्या दप्तरात ही नोंद नुकतीच पडली होती, त्याच सुमारास आमच्या ओढ्याकाठचा एक निरक्षर वृद्ध ती वाडवडिलांपासून चालत आलेली साधी गोष्ट म्हणून मला सांगत होता. मामांच्या वहीत त्या सकाळची नोंद मी स्वतः केली: जागा, वेळ, वारा, आणि ‘बार टाकला नाही’.

त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा नवा कायदा झाला. छोट्या शिकारीचे परवाने त्यात प्रारंभी शिल्लक होते, पण १९९१ च्या दुरुस्तीने तेही संपले. मामांच्या पश्चात बंदूक मी सरकारजमा केली आणि तिची पावती त्याच वहीत चिकटवली. कायद्याविषयी माझी तक्रार नाही. तो व्हायलाच हवा होता. पण पाखरांना बंदुकीहून मोठे संकट जमिनीचे आहे, हे मला डोळ्यांदेखत पाहावे लागले. १९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाले, भीमाकाठची सुपीक गावे पाण्याखाली गेली. त्या फुगवट्यावर भिगवण आणि कुंभारगाव येथे आज रोहित पक्षी पाहण्यासाठी लोक होड्यांतून जातात, आणि ते पाहून मला आनंदच होतो. उपसा सिंचनाचे पाणी आणि बागायत मात्र माळावर चढत आली, आणि जो माळ उरला त्यावर वृक्षारोपणाचे खड्डे पडले. गवताळ रान म्हणजे झाडे लावण्यासाठी मोकळी ठेवलेली जागा, असा समज अजून पुष्कळांचा आहे. मोरगावच्या मयूरेश्वराचे नाव लाभलेले सुप्याचे अभयारण्य १९९७ मध्ये चिंकाऱ्यासाठी घोषित झाले, त्याचे क्षेत्र अवघे पाच चौरस किलोमीटरच्या जवळपास आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतल्या सुपे परगण्याच्या नावावर आज वन्य पशूंसाठी एवढीच इनामजमीन उरावी, याचे मला वाईट वाटते.

अलीकडे वनखात्याने शिर्सुफळ आणि कडबनवाडीच्या गवताळ रानांत सफारी सुरू केली आहे, आणि पुण्याहून तरुण मुले-मुली लांडगा आणि चिंकारा पाहायला येतात. त्यांच्या हातातल्या मोठ्या भिंगांच्या कॅमेऱ्यांना पाहून मला हेवा वाटत नाही, आशा वाटते. वाटाड्यांच्या नेमणुका करताना पारधी कुटुंबांतल्या तरुणांना प्रथम बोलवावे, असे मी संबंधितांना वारंवार सांगत आलो आहे. ज्या विद्येसाठी त्यांच्या आजोबांची हजेरी घेतली गेली त्याच विद्येसाठी नातवांना पगार मिळावा, यात उपकार कोणाचाही नाही. दुसरे मागणे पाणवठ्यांविषयीचे आहे. उन्हाळ्यात जनावरांसाठी जे पाणी भरून ठेवले जाते, त्याच्या अगदी काठाशी येऊन छायाचित्रे घेण्याचा मोह आवरत नाही, आणि तेवढ्या जवळ माणूस हलला की पखुर्डीचा नर घोटभर पाणी पिऊन कोरड्या पोटानेच उडून जातो. लपण बांधायचे तर ते पाण्यापासून चाळीस गजांच्या आत कदापि असू नये. त्याचे तोंड पश्चिमेला असावे, म्हणजे सकाळचे ऊन पाठीशी राहते. आत बसणाऱ्याने थवे येण्याच्या पुरता अर्धा तास आधी जाऊन बसावे, आणि शेवटचा भिजलेला नर उडून गेल्याखेरीज उठू नये.